न झाडलेल्या गोळीचा हिशेब

नोकरीची पहिली सात वर्षं मी तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेच्या शाखेत कॅशिअर होतो. शाखेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन बसणारे रखवालदार पलटणीतून निवृत्त झालेले होते. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. प्रत्यक्षात ते नाईक म्हणून घरी आले होते. एका पावसाळ्यात सामानाची मोजदाद माझ्याकडे आली, म्हणून मी त्यांच्या कमरपट्ट्यातली काडतुसं काढून पाहिली. पुठ्ठा ओल धरून फुगला होता, पितळी बुडावर हिरवा गंज होता. दहांपैकी एकही नळीत धड सरकेना. मी मॅनेजरसाहेबांकडे निघालो, तर सुभेदारांनी हाताला धरून खाली बसवलं. म्हणाले, "साहेब, हे तुम्हाला आज कळलं. मला चार वर्षांपासून ठाऊक आहे. बाहेर ठाऊक नाही तोवर ही बंदूक चालू आहे असं समजा."

नवी काडतुसं मागवणारा अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. माझी बदली झाली तोवर ती आली नव्हती. माझ्या काळात त्या शाखेवर दरोडाही पडला नाही. आता हा पुरावा कशाचा धरायचा? बंदुकीनं दरोडा टळला याचा, की बंदूक नसती तरी तो पडला नसता याचा? बंदुकीचा धाक आणि बंदुकीचा मार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आत्मसंरक्षणावरचं बरंचसं लेखन त्यांची सरमिसळ करतं, हे कळायला मला त्यानंतर वीसेक वर्षं लागली. धाक, जरब, वचक, दरारा: आपल्या भाषेत यासाठी इतके शब्द आहेत, आणि त्यांतल्या एकालाही दारूगोळा लागत नाही.

हा लेख लिहिण्याचं कारण मात्र माझी स्वतःची चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानमालेत मी ठासून सांगितलं होतं, की अमेरिकेत दरवर्षी पंचवीस लाख माणसं बंदुकीच्या बळावर स्वतःचा बचाव करतात. आकडा मोठा, सभागृह गप्प. व्याख्यानानंतर एक द्राक्षबागायतदार भेटले. मळ्यात घर, शेजार लांब, दोनदा चोरी झालेली. त्यांनी तो आकडा वहीत उतरवून घेतला. यंदा मार्चमध्ये त्यांचा फोन आला: "सर, परवाना मिळाला. तुमच्या पंचवीस लाखांवरूनच अर्ज केला होता. आता सांगा, घेऊ कोणतं?" त्या रात्री मी ते जुने कागद पुन्हा काढले. आधी ज्या भागाकडे नजर टाकून पुढे गेलो होतो, तो या वेळी पेन्सिल घेऊन वाचला.

आकडा गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्‌झ या फ्लोरिडातल्या दोन संशोधकांचा. १९९३ साली त्यांनी टेलिफोनवरून ४,९७७ प्रौढांची पाहणी केली आणि १९९५ साली एका कायदेविषयक नियतकालिकात निष्कर्ष छापले. गेल्या वर्षभरात आपण बंदुकीनं बचाव केला असं सांगणारे निघाले साधारण १.३ टक्के, म्हणजे पासष्टच्या आसपास माणसं. त्या वेळी अमेरिकेत प्रौढ होते सुमारे १९ कोटी. १.३ टक्क्याला १९ कोटींनी गुणलं की पंचवीस लाख येतात. म्हणजे मी सभागृहात जो डोंगर उभा केला होता, त्याच्या पायथ्याशी पासष्ट माणसांचे फोन होते.

नमुना लहान असणं हा काही गुन्हा नव्हे. अडचण वेगळी आहे, आणि ती हार्वर्डच्या डेव्हिड हेमनवे यांनी १९९७ साली नेमकी दाखवली. घटना जितकी दुर्मीळ, तितकी खोट्या होकाराची किंमत जास्त. शंभरातल्या नव्व्याण्णव माणसांच्या बाबतीत ती घडलेलीच नसते. त्यांच्यातल्या एखाद्यानं जरी बढाई मारली, किंवा तीन वर्षांपूर्वीचा प्रसंग "गेल्या वर्षीचा" म्हणून सांगितला, तरी हाती आलेला जवळजवळ सगळा आकडा त्या एकाचाच असू शकतो. उलट बाजूची चूक, म्हणजे खरोखर घडलेलं लपवणं, करायला माणसंच मुळात एखाददुसरं असतात. आकाशात परग्रहावरचं यान पाहिल्याचं सांगणाऱ्या अमेरिकनांच्या पाहणीचं उदाहरण हेमनवे देतात, ते यासाठीच. कॅशिअरला हे लवकर पटतं. हजार नोटांत एक खोटी चालून जाते, पण गड्डीच दहा नोटांची असेल तर ती एकच नोट हिशेब बुडवते.

याच पाहणीतला दुसरा ताळाही जमत नाही. बचाव करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के म्हणाले की आपण हल्लेखोराला जखमी केलं किंवा मारलं. पंचवीस लाखांचे ८ टक्के म्हणजे दोन लाख माणसं. त्या काळात गोळी लागून अमेरिकी इस्पितळांत येणाऱ्यांची संख्याच वर्षाला लाखाच्या आसपास होती, आणि त्यात गुन्हे, अपघात, आत्महत्येचे प्रयत्न सगळं आलं. सरकारी गुन्हेपीडित पाहणीवरून निघणारा बचावाचा आकडा वर्षाला साठ हजार ते लाखभर एवढाच येतो. क्लेकना तो मान्य नाही, आणि त्यांच्या आक्षेपातही तथ्य आहे. ती पाहणी आधी विचारते, "तुमच्याबाबत गुन्हा घडला का?" ज्याच्या हातातली बंदूक पाहून चोर कुंपणावरूनच परतला, तो मनुष्य "नाही" म्हणणार आणि यादीतून गळणार. धाक जिथे पूर्ण यशस्वी होतो, तिथे मोजायला काही उरतच नाही.

क्लेक हे बंदूक कंपन्यांचे भाट आहेत अशी समजूत आपल्याकडच्या पुरोगामी वर्तुळात मी ऐकली आहे. ती अन्यायाची आहे. मार्व्हिन वुल्फगँग हे बंदुकांचे कट्टर विरोधक आणि मोठे गुन्हेशास्त्रज्ञ. त्याच नियतकालिकात, त्याच वर्षी, त्यांनी हे निष्कर्ष आपल्याला आवडत नसले तरी अभ्यासाची पद्धत वाखाणण्यासारखी आहे असं जाहीरपणे लिहिलं. असा मोकळेपणा आपल्याकडच्या वादांत मला फारसा भेटलेला नाही.

पण माझी मूळ तक्रार आकड्याच्या आकाराशी नाहीच. आकडा पंचवीस लाख धरा किंवा पंच्याहत्तर हजार, क्लेक यांच्याच मुलाखतींत गोळी झाडणारे फक्त चोवीस टक्क्यांच्या आसपास आहेत. उरलेल्यांनी बंदूक दाखवली, किंवा नुसतं "माझ्याकडे आहे" एवढंच सांगितलं. याचा अर्थ ही सगळी मोजणी धाकाची आहे. जेम्स राइट आणि पीटर रॉसी यांनी १९८०च्या दशकात दहा राज्यांतल्या अठराशेहून अधिक कैद्यांना प्रश्न विचारले, त्याचंही सार हेच. समोरच्याकडे हत्यार आहे असं ठाऊक असल्यामुळे किंवा तसं वाटल्यामुळे आपण एखादा बेत सोडून दिला, असं सुमारे ४० टक्क्यांनी सांगितलं. 'वाटल्यामुळे' हा शब्द मी दोनदा अधोरेखित केला. ज्या घरात बंदूक नव्हती त्यांतलीही काही घरं त्या चाळीस टक्क्यांनी वाचवली असणार.

आता या विषयाच्या दुसऱ्या फळीकडे वळतो. तिथे धाकाचं नाव नाही. तिथे गोळीचा व्यास, वजन, वेग आणि ज्याला इंग्रज 'स्टॉपिंग पॉवर' म्हणतात ती चीज आहे, म्हणजे अंगावर येणाऱ्या माणसाला जागच्या जागी थांबवण्याची ताकद. या कल्पनेची एक मोठी जन्मकथा आपल्या उपखंडातली आहे. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत ब्रिटिश फौजेकडे नवी .३०३ रायफल होती. तिची धातूच्या आवरणाची गोळी शरीरातून आरपार जायची आणि समोरचा पठाण तरीही येतच राहायचा, अशा तक्रारी झाल्या. मग कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्र कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाशी शिसं उघडं ठेवलेली, आत गेल्यावर पसरणारी गोळी बनवली. तीच पुढे जगभर 'दमदम' म्हणून बदनाम झाली. १८९९ साली हेगच्या परिषदेत तिच्यावर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटनतर्फे सर जॉन आर्डाघ यांनी तिची बाजू मांडली. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की सुसंस्कृत सैनिकाला लहान गोळी लागली तरी आपण जखमी झालो हे ओळखून तो मागे सरतो. रानटी माणूस मात्र कितीही गोळ्या लागल्या तरी धावतच येतो.

यातला वंशाचा तोरा सोडून द्या, तो उघडच आहे. मला त्यातली नकळत दिलेली कबुली महत्त्वाची वाटते. तीच लहान गोळी युरोपातल्या माणसाला थांबवते आणि चित्रळच्या माणसाला थांबवत नाही, मग थांबवण्याची ताकद गोळीत कुठे राहिली? ती तर गोळी खाणाऱ्याच्या मनात गेली. आर्डाघसाहेबांनी आपलाच मुद्दा बुडवला आणि सभागृहातल्या कुणाच्या ते ध्यानात आल्याचं दिसत नाही.

पुढे फिलिपीन्समध्ये मोरो योद्ध्यांसमोर .३८ ची रिव्हॉल्व्हरं अपुरी पडली म्हणून अमेरिकी लष्करानं १९०४ साली शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि प्रेतांवर चाचण्या घेतल्या. थॉम्पसन आणि ला गार्ड या दोघांनी निर्वाळा दिला, की पिस्तुलाची गोळी .४५ पेक्षा लहान नसावी. निष्कर्ष जगप्रसिद्ध झाला. त्याच अहवालात सैनिकाकडून नेमबाजीचा सराव अखंड करून घ्यावा असंही बजावलेलं आहे. ते वाक्य कुणी फारसं उद्धृत करत नाही, कारण सराव विकता येत नाही.

या फळीवरचा सगळ्यांत वेदनादायक प्रसंग मायामीचा. ११ एप्रिल १९८६. एफबीआयच्या आठ जणांनी दोन सशस्त्र दरोडेखोरांना गाठलं. पाच मिनिटांच्या आत दीडशेच्या जवळपास गोळ्या झाडल्या गेल्या. मायकेल प्लॅट नावाच्या दरोडेखोराला सुरुवातीलाच एक ९ मिलिमीटरची गोळी लागली. ती दंडातून छातीत शिरली, फुप्फुस निकामी करून हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. जखम प्राणघातकच होती. पण प्लॅट पडला नाही. त्यानंतर तो रायफल चालवत राहिला आणि एफबीआयचे दोन जण मारले गेले, पाच जखमी झाले. पुढे तपासणीत त्याच्या रक्तात कसल्याही अमली पदार्थाचा अंश सापडला नाही.

एफबीआयनं मग जखमांच्या अभ्यासकांना बोलावलं, आणि १९८९ साली युरी पॅट्रिक यांनी या साऱ्याचं सार एका छोट्या अहवालात मांडलं. आत्मसंरक्षणावर एकच गोष्ट वाचायची असेल तर मी हा अहवाल सांगेन. तो म्हणतो, की मेंदू किंवा मज्जारज्जूचा वरचा भाग भेदला गेला तरच माणूस तत्काळ पडेल अशी खात्री देता येते. हृदय पूर्ण निकामी झालं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद हालचाल करण्यापुरता प्राणवायू शिल्लक असतो. आणि एवढ्या वेळात काय होऊ शकतं ते मायामीनं दाखवलं होतं. मग प्रत्यक्षात इतकी माणसं एका गोळीत का कोसळतात? पॅट्रिक यांचं उत्तर: बहुधा मनामुळे. गोळी लागली की पडायचं असतं हे माणसानं सिनेमात, टीव्हीवर, पुस्तकांत पाहिलेलं-वाचलेलं असतं. (आपल्या सिनेमांतले खलनायक तर गोळी लागण्याच्या आधीच पडायला सुरुवात करतात.) पण ज्याचं मन पडायला तयार नाही, त्याच्यावर या सवयीचा भरवसा ठेवता येत नाही.

हे वाचल्यावर इव्हान मार्शल आणि एडविन सॅनो यांचं १९९२ चं गाजलेलं पुस्तक हातात घेतलं की गंमत कळते. मार्शल डेट्रॉइटचे पोलीस. त्यांनी रस्त्यावरच्या खऱ्या गोळीबारांच्या नोंदी जमवून प्रत्येक काडतुसाला टक्केवारी दिली; .३५७ मॅग्नमच्या एका गोळीला ९६ टक्के गुण. पण त्यांनी धरली फक्त ती प्रकरणं ज्यांत एकच गोळी लागली. पहिली गोळी लागून माणूस थांबला नाही आणि दुसरी घालावी लागली, की ते प्रकरण यादीबाहेर! जे विद्यार्थी दुसऱ्यांदा परीक्षेला बसले त्यांना वगळून शाळेचा निकाल लावण्यासारखं हे आहे. आणि उरलेल्यांत जे पडले, ते जखमेनं पडले की 'आपण आता पडायला हवं' म्हणून पडले, हे सांगायला त्या रकान्यांत जागाच नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं, की या दोन्ही फळ्या एकमेकींच्या खांद्यावर उभ्या आहेत आणि दोघींचेही पाय जमिनीला टेकलेले नाहीत. बंदूक दाखवली की चोर पळतो, कारण गोळी माणसाला जागीच आडवा करते असं तो मानतो. गोळी लागली की माणूस आडवा होतो, कारण बंदूक म्हणजे काय हे त्यानंही तसंच मानलेलं असतं. 'मार' म्हणून जे मोजलं गेलं त्यातला मोठा हिस्सा पुन्हा धाकच निघतो. नियतकालिकं पहिल्या फळीवरचा लाखांचा आकडा पुढच्या पानावर छापतात आणि मागच्या पानांवर काडतुसाच्या वजनाची चर्चा करतात. वाचकाला वाटतं, की दुसऱ्यामुळे पहिलं घडतं.

यावर कुणी म्हणेल, मनानं का होईना, काम झाल्याशी मतलब. बहुतेक वेळा हे खरंच आहे. ओहायोतले पोलीस प्रशिक्षक ग्रेग एलिफ्रिट्झ यांनी २०११ साली अठराशेच्या आसपास गोळीबारांची जंत्री मांडली. एका गोळीनं थांबणाऱ्यांचं प्रमाण लहान-मोठ्या पिस्तुलांत वाटतं तितकं वेगळं आलं नाही. फरक पडला तो दुसऱ्या रकान्यात: कितीही गोळ्या लागल्या तरी जे थांबलेच नाहीत. ९ मिलिमीटर, .४० आणि .४५ मध्ये हे प्रमाण १३-१४ टक्के; .२२, .२५ आणि .३२ मध्ये ३० ते ४० टक्के. ज्याला थांबायचंच होतं तो कुठल्याही गोळीनं थांबला. ज्याला थांबायचं नव्हतं, त्याच्यासमोर लहान गोळी उघडी पडली.

आणि इथे आपला संबंध येतो. भारतात सामान्य परवानाधारकाला ९ मिलिमीटर, .३८, .४५ निषिद्ध, त्याच्या वाट्याला येतं ते मुख्यतः बत्तीस बोअर. एलिफ्रिट्झ यांच्या जंत्रीत .३२ चं न थांबणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत जास्त, ४० टक्के आहे. माणसं मात्र अवघी पंचवीस, म्हणून या आकड्यावर मी घर बांधणार नाही. एकदा पोळलो आहे. पण दिशा स्पष्ट आहे. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं दिल्लीच्या घटनेची आठवण जागवत स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हर काढलं: बत्तीस बोअर, सहा गोळ्या, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हाच्या बातम्यांत चर्चा झाली ती वजनाची आणि किमतीची. ते पर्समधून काढायला किती वेळ लागतो आणि समोरचा न घाबरल्यास पुढे काय, हे दोन प्रश्न कुणी विचारल्याचं मला आढळलं नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या नोंदी सांगतात, की समोरून गोळ्या येत असताना या प्रशिक्षित माणसांच्या शंभरातल्या अठराच गोळ्या लागल्या. वर्षातून एकदा, तेही झालं तर, बार काढणाऱ्याचं काय होईल?

धाकाचाही हिशेब पुरता करायला हवा. हेमनवे आणि सारा सॉलनिक यांनी २००७ ते २०११ मधल्या चौदा हजारांहून अधिक घटना तपासल्या. बंदुकीनं बचाव झाला त्या १२७. त्यांत इजा झालेले १०.९ टक्के, काहीच प्रतिकार न करणाऱ्यांत ११. बंदूक काढणारे अधिक बिकट प्रसंगात असतील, हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो नोंदवतो. फ्लोरिडातल्या ऑर्लंडोचं उदाहरणही नेहमी येतं. १९६६-६७ मध्ये तिथे स्त्रियांना नेमबाजीचे जाहीर वर्ग दिले गेले आणि पुढच्या वर्षी बलात्कारांची नोंद ८८ टक्क्यांनी घसरली. मॅकडॉवल आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली या आणि अशा आणखी दाव्यांची छाननी केली. लहान शहरांतले आकडे एरवीही एवढे वरखाली होतातच, हे त्यांनी दाखवलं. ऑर्लंडोत खरोखर काही घडलंच असेल, तर ते वर्गांतल्या नेमबाजीनं नव्हे, वर्गांच्या बातमीनं.

बागायतदारांना मी दोन दिवसांनी फोन केला. आधी आकड्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या सर, माणूस आहे." मग मी विचारलं, मळ्यात दिवे आहेत का, कुत्रा आहे का, रात्री घरी कोण कोण झोपतं, मुलं केवढी. आणि शेवटी विचारलं, की हत्यार घेतल्यावर गावात सांगणार का.

"सांगितल्याशिवाय उपयोग काय?" ते हसले. मग क्षणभर थांबून म्हणाले, "पण सांगितलं, आणि मी माल घेऊन मार्केटला गेलो असताना ते हत्यार चोरायलाच कुणी आलं तर? घरी आई आणि ही."

मी प्लॅटची गोष्ट सांगितली. बत्तीस बोअरच्या पंचवीस माणसांचा आकडा सांगितला, नमुना लहान आहे हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे चोराला माहीत असतं का?"

"नसतं," मी म्हणालो. मला सुभेदारांची ती फुगलेली काडतुसं आठवली. पण तेव्हा बँकेच्या तिजोरीत पैसे होते, आणि आत्ता फोनच्या पलीकडे घरात एक म्हातारी आणि दोन मुलं होती, म्हणून मी लगेच पुढे जोडलं, "पण एखाद्याला माहीत नसूनही फरक पडत नाही."

त्यांनी अजून खरेदी केलेली नाही. मळ्याच्या चारी कोपऱ्यांना दिवे लावले, एवढं गेल्या महिन्यात कळवलं. परवाना कपाटात आहे. कोणतं घ्यायचं हे त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.